टेबलापासून मध्यरेषेपर्यंत

कबड्डीचा सामना सहा अधिकारी चालवतात. एक सरपंच म्हणजे मुख्य पंच, मध्यरेषेच्या दोन टोकांना दोन पंच, टेबलावर गुणलेखक आणि बाद झालेले खेळाडू बसतात तिथे दोन्ही बाजूंना एकेक सहायक गुणलेखक. या सहाही जणांनी काय करायचं ते नियमपुस्तिकेत बारकाईने लिहिलेलं आहे. यातल्या कुठल्या जागी पुरुषच हवा आणि कुठल्या जागी बाई चालेल, याबद्दल त्यात एक ओळही नाही. तरीही आमच्याकडच्या पुरुष गटाच्या कुठल्याही स्पर्धेला जा. बाई अधिकारी असलीच तर ती टेबलावर दिसेल. पुढ्यात गुणपत्रक, हातात पेन. शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात.

त्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. त्या कामाला मी हलकं म्हणणार नाही, कारण सामना वाचायला मी तिथेच शिकले. कुणाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यात आणि आता तिसरी चढाई आहे, मैदानात सहा बचावपटू उरलेत की पाचच, म्हणजे बोनसचा जादा गुण मिळू शकतो की नाही, बाद झालेल्यांपैकी आता कोण आत येणार, हे सगळं गुणलेखकाच्या डोक्यात सतत चालू असतं. टेबलावरून चुकीचा गुण लागला तर अख्खा सामना नासतो. पण टेबलावर बसून निर्णय द्यायला शिकता येत नाही. निर्णय दिल्यावर सात जणांचा संघ तुमच्याकडे वळतो, मागचं गाव उठून उभं राहतं, आणि त्या क्षणी हात खाली न घेता उभं राहायचं असतं. हे फक्त उभं राहूनच येतं. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायका पंच परीक्षा उत्तम गुणांनी पास झाल्या आणि टेबलावरच राहिल्या. पुढे कुणी म्हणालं, "महिला पंच आहेत हो, पण मोठे सामने काढायचा अनुभव नाही त्यांना." मोठे सामने दिले कुणी होते त्यांना?

मी रायगडची. पेण-अलिबागच्या पट्ट्यात कबड्डीचं काय स्थान आहे ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही, बघावंच लागतं. भातकापणी उरकली, शेतं रिकामी झाली की गावोगाव प्रकाशझोतातल्या स्पर्धा सुरू होतात. शेताचा एक तुकडा सपाट करायचा, पाणी मारून चोपायचा, फक्कीने रेषा आखायच्या, बांबूवर दिवे चढवायचे. संध्याकाळी नारळ फुटतो आणि अंतिम सामना संपेपर्यंत पहाट होते. मैदानाला कडं करून सगळं गाव बसलेलं असतं, त्यात निम्म्या बायका. आमच्याकडच्या बायकांना कबड्डी कळत नाही असं म्हणायची कुणाची छाती नाही. चढाईत ओलांडावी लागते ती निदानरेषा चढाईपटूने ओलांडलीच नाही हे कडेला बसलेली आजी पंचाच्या आधी ओरडून सांगते. पण मी पहिल्यांदा पुरुषांच्या सामन्याला शिट्टी घेऊन आत निघाले तेव्हा अशाच एका आजीने माझा हात धरला आणि विचारलं, "गो बाय, तू कुठं चाललीस त्यांच्यात?" तिच्या आवाजात विरोध नव्हता, काळजी होती. विरोधाला उत्तर देता येतं. काळजीला काय सांगायचं? मी म्हटलं, "आजी, बघत बसा. तुम्हीच सांगा मग कशी झाली ते."

मी शाळेपासून खेळत आले. उजव्या कोपऱ्यावर. कोपऱ्यावरचा खेळाडू समोरच्याच्या तोंडाकडे बघतच नाही, त्याचे डोळे सदैव चढाईपटूच्या पायांवर. वजन कुठल्या पायावर आहे, टाच कधी उचलते, गुडघा किती वाकलाय. लग्नानंतर खेळ सुटला, शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका झाले, आणि मग जिल्ह्यात पंच परीक्षा आहे असं कळल्यावर अर्ज भरला. पहिल्या सामन्यातच लक्षात आलं की कोपऱ्यावरची ती नजर अजून शाबूत आहे. पंचाचं निम्मं काम पायांवरच चालतं. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदानरेषा आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. बोनस घेताना पुढचा पाय त्या रेषेपलीकडे टेकलेला हवा आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत हवा. हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत होऊन जातं, आणि चढाईपटू मात्र पाय उचलला असो वा नसो, अंगठा दाखवतच परततो. त्याच्या अंगठ्याकडे बघणारा पंच फसला म्हणून समजा.

उरलेलं निम्मं काम कानांचं. हे मात्र मला टेबलावर कधी कळलं नव्हतं.

चढाईपटूचा दम ऐकावा लागतो. 'कबड्डी कबड्डी' हे पंचाला स्पष्ट ऐकू येईल असं, एका श्वासात, न तुटता चाललं पाहिजे. दूरचित्रवाणीवर कबड्डी बघणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही, कारण तिथे चढाईला ३० सेकंदांचं घड्याळ दिसतं आणि डोळे त्याच्यावर असतात. मातीवर, कर्ण्यावर समालोचक ओरडत असताना, ढोल-ताशा चालू असताना, चौघांच्या विळख्यात सापडलेल्या माणसाचा दम ऐकायचा म्हणजे काय ते त्याच्याजवळ जाऊन वाकल्याशिवाय कळत नाही. आणि नेमकं हेच कारण पुढे करून मला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की बाईला पुरुषांचा सामना जमणार नाही. "झगडा झाला की पाच-सहा जण एकावर एक पडतात मॅडम, त्या ढिगाऱ्यात तुम्ही कशा शिरणार?"

शिरले मी. तो प्रसंग सांगते, कारण बाई पंचाला काय लागतं आणि काय लागत नाही, ते मला त्या रात्री नीट उमगलं.

उपांत्य सामना होता, पुरुष खुला गट. शेवटची काही मिनिटं, एका गुणाचा फरक. मी मध्यरेषेच्या डाव्या टोकाला पंच. चढाईपटू अनुभवी, तालुक्यात नावाजलेला. डाव्या कोपऱ्याने त्याचा घोटा धरला, मध्यरक्षकाने कंबर, तिसरा पाठीवर. तरी तो माणूस तिघांना ओढत मध्यरेषेकडे सरकत होता. मी गुडघ्यावर बसले, मग जवळजवळ आडवीच झाले. त्याचा हात पुढे आलेला, नखांत माती, बोटं फक्कीच्या रेषेपासून वीतभर लांब. कान त्याच्या तोंडाशी. दम चालू होता, पण आता त्यातला 'क' तेवढा ऐकू येत होता. मग तोही थांबला. कण्हण्याचा एक आवाज आला आणि त्यानंतर बोटं रेषेवर टेकली. मी शिट्टी मारली. चढाईपटू बाद.

जे व्हायचं ते झालं. त्याच्या गावाकडची बाजू उठली. लोकांना बोटं रेषेवर दिसत होती, दम कुणाला दिसणार? संघनायक माझ्याकडे आला, माझ्यापेक्षा फूटभर उंच. "मॅडम, एवढ्या आवाजात तुम्हाला दम सुटलेला ऐकू आला?" मी म्हटलं, "आला. आधी दम सुटला, मग हात टेकला. खेळ सुरू करा." दुसरा एक खेळाडू हातवारे करत पुढे आला. बोलायचा हक्क फक्त संघनायकाला असतो. मी त्याला ताकीद म्हणून हिरवं कार्ड दाखवलं.

या सगळ्यात सरपंच जागचे हलले नाहीत. वयाने ज्येष्ठ, जिल्ह्यात ज्यांचा शब्द चालतो असे गृहस्थ. ते चार पावलं चालत माझ्याकडे आले असते, माझ्या कानात काही विचारून मग स्वतः हात वर केला असता, तर निर्णय तोच राहिला असता. पण तो माझा राहिला नसता. त्यांनी लांबूनच माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढच्या चढाईसाठी खूण केली. मला आयुष्यात मिळालेला सगळ्यात मोठा आधार कोणता, असं कुणी विचारलं तर मी त्या न उचललेल्या पावलांचं नाव घेईन.

कारण याच्या उलटही पुष्कळ अनुभवलंय. एका स्पर्धेत माझ्यासोबतचे पंच फार सज्जन होते. मी गुणाची खूण केली की तेही लगेच तीच खूण करायचे, दर वेळी. मला मदत होतेय अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मध्यंतरापर्यंत दोन्ही संघांनी माझ्याकडे बघणं सोडून दिलं. मी शिट्टी मारायचे आणि चौदा मुंड्या त्यांच्याकडे वळायच्या. मध्यंतराच्या पाच मिनिटांत मी त्यांना म्हटलं, "सर, माझ्या बाजूची खूण मला एकटीला करू द्या. चुकतेय असं वाटलं तर सरपंचांना सांगा." ते थोडे दुखावले, पण त्यांनी ऐकलं. उत्तरार्धात खेळाडू पुन्हा माझ्याकडे बघायला लागले. पंचाचा अधिकार नियमपुस्तिकेतून येतो हे खरं, पण मैदानात तो अशा लहानसहान गोष्टींतून टिकतो किंवा झिरपून जातो.

सत्काराचंही तसंच. आयोजक मोठ्या मनाने सामन्याआधी मैदानात बोलावतात, शाल देतात, श्रीफळ देतात, कर्ण्यावर सांगतात, "आज आपल्या स्पर्धेला महिला पंच लाभल्या आहेत, टाळ्या झाल्या पाहिजेत." त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण शाल पांघरलेली बाई पाहुणी होते, आणि पाहुणीने तुम्हाला बाद दिलेलं तुम्ही ऐकून घेत नाही. आता मी आधीच सांगून ठेवते, सत्कार करायचाच असेल तर स्पर्धा संपल्यावर सगळ्या पंचांचा एकत्र करा.

पहिलेपणाची बातमी होते. तिच्या मागचा रस्ता मात्र बातमीत मावत नाही. कतारच्या विश्वचषकात १ डिसेंबर २०२२ रोजी कोस्टारिका विरुद्ध जर्मनी सामन्यात स्तेफानी फ्रापार पंच होत्या. पुरुषांच्या फुटबॉल विश्वचषकात शिट्टी हाती घेणारी पहिली बाई. सीमारेषांवरच्या दोन्ही साहाय्यकही बायकाच होत्या, ब्राझीलच्या नेउझा बाक आणि मेक्सिकोच्या कारेन दियाझ मेदिना. आमच्या शाळेत मी तो सामना मुलींना दाखवला, त्यातल्या कितीजणींना फुटबॉलमध्ये रस होता कोण जाणे. पण मला त्यांना सांगायचं होतं ते वेगळंच. फ्रापार २०१४ पासून फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीच्या पुरुष लीगमध्ये सामने काढत होत्या. पहिल्या श्रेणीत त्या २०१९ मध्ये पोचल्या. म्हणजे मधली पाच वर्षं, ज्या सामन्यांबद्दल जगात कुणी चकार शब्द काढत नाही असे सामने, आठवड्यामागून आठवडे. कुणीतरी ते त्यांना देत राहिलं, आणि त्यांनी ते काढले. माझ्या लेखी विश्वचषकापेक्षा ती पाच वर्षं मोठी आहेत.

आपल्या जवळचं उदाहरण सांगायचं तर नवी मुंबईच्या वृंदा राठी. जानेवारी २०२३ मध्ये रणजी करंडकात पहिल्यांदा बायका पंच म्हणून उभ्या राहिल्या, त्या तिघींपैकी एक; बाकीच्या दोघी एन. जननी आणि गायत्री वेणुगोपालन. राठी आधी गुणलेखक होत्या. २०१३ साली भारतात झालेल्या महिला विश्वचषकात त्या गुण लिहायला बसल्या होत्या आणि तिथे त्यांना न्यूझीलंडच्या पंच कॅथी क्रॉस भेटल्या. हे वाचलं तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवून बराच वेळ तशीच बसले. क्रिकेटमध्येही तीच वाट, टेबलावरून आत जाणारी. आणि ती वाट ओलांडायला, आधी ओलांडून गेलेली एक बाई समोर दिसावी लागते. गोव्यात मारिया रिबेलो भारताच्या महिला फुटबॉल संघातून खेळल्या आणि पुढे पुरुषांच्या सामन्यांत पंच झाल्या. त्याच गोव्यातून उवेना फर्नांडिस घडल्या, २०१६ मध्ये जॉर्डनला १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात ज्यांनी साहाय्यक पंच म्हणून काम केलं. एवढ्याशा गोव्यातून या दोघी याव्यात हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

चुकांबद्दल थोडं बोलायला हवं. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण पुरुषांचा अंतिम सामना ज्यांनी बघितला ते तो विसरणार नाहीत. २८-२८ अशी बरोबरी, शेवटचा टप्पा, पवन सेहरावतची निर्णायक चढाई. तो कुणाला स्पर्श न करता राखीव क्षेत्रात, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत, गेला आणि त्याच्यामागोमाग इराणचे बचावपटूही गेले. स्पर्शाआधी राखीव क्षेत्रात गेलेला चढाईपटू बाद, यावर वाद नव्हता. त्याच्यामागे गेलेले बचावपटूही बाद की नाही, यावर जुना नियम एक सांगत होता आणि नवा दुसरं. निर्णय फिरला, पुन्हा फिरला, दोन्ही संघ मॅटवर बसून राहिले, सुमारे तासभर सामना थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. त्यानंतर कित्येक दिवस आम्ही पंच मंडळी याच्यावर बोलत होतो. चर्चा झाली ती नियमांची, कुठला नियम लागू होता ते आधी स्पष्ट करायला हवं होतं याची. तशीच व्हायला हवी होती. माझं मागणं एवढंच आहे की एखाद्या गावच्या मैदानात एखाद्या मुलीचा राखीव क्षेत्राचा निर्णय वादात सापडला तर तेव्हाही चर्चा राखीव क्षेत्राचीच व्हावी. आज तशी होत नाही. पुरुष पंच चुकला तर तो पंच चुकला. बाई चुकली की "बायकांना कशाला देता" हे पहिलं वाक्य, आणि मग पुढच्या वर्षी त्या गावात कुठलीच बाई दिसत नाही. एकीच्या चुकीचा दंड न खेळलेल्या सगळ्याजणी भरतात.

काही गोष्टी कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते. रात्रभराच्या स्पर्धेत बाई अधिकाऱ्याला लघवीला जायला जागा नसते. पुरुष शेताच्या बांधावर जातात. आम्ही दुपारपासून पाणी कमी पितो आणि मग रात्री धावताना पायात गोळे येतात. आमचा पोशाख पांढरा, आणि पाळी स्पर्धेची तारीख बघून येत नाही. पहाटे साडेतीन-चारला स्पर्धा संपल्यावर मानधनाचं पाकीट मिळतं, पण घरी जायला गाडी मिळत नाही. माझे यजमान सुरुवातीला मोटारसायकल घेऊन मैदानाबाहेर थांबायचे आणि लोक त्यांना चहा देताना विचारायचे, "तुम्ही परवानगी देता?" ते म्हणायचे, "परीक्षा ती पास झालीय, मी कोण देणार परवानगी?" सगळ्याजणींच्या घरी असं कुणी नसतं. हुशार मुली पंचगिरी सोडतात ती नियम येत नाहीत म्हणून नाही, रात्री घरी कसं जायचं म्हणून. आयोजकांनी जवळच्या एखाद्या घरातलं न्हाणीघर ठरवून ठेवलं आणि परतीच्या गाडीची सोय केली तर त्याला फार खर्च येत नाही. ज्या मंडळांनी हे केलं त्यांच्याकडे आज बाई पंच हमखास दिसतात.

सासूबाईंनी मला एकदाच टोकलं होतं, अगदी सुरुवातीला. "पुरुषांवर शिट्ट्या मारतेस, लोक काय म्हणतील?" नंतर एका स्पर्धेला त्यांना माहेरच्या गावी बसून सामना बघायला मिळाला. घरी आल्यावर म्हणाल्या, "त्या निळ्या कपड्यांवाल्याला तू बोनस दिला नाहीस ते बरोबर केलंस, त्याचा मागचा पाय खालीच होता." एवढंच. त्यानंतर स्पर्धेच्या दिवशी माझी भाकरी त्या बांधून ठेवतात.

आता माझ्याकडे मुली येतात. पंच परीक्षेची तयारी करायला. नियम पाठ असतात त्यांना, माझ्यापेक्षा चांगले. मी त्यांच्याकडून आवाज काढून घेते. गुणाची घोषणा छातीतून झाली पाहिजे, गळ्यातून नाही. गळ्यातून काढलेला आवाज दुसऱ्या सामन्याला बसतो. शिट्टी एकदाच आणि लांब. खूण केलेला हात टेबलावर दिसेपर्यंत खाली घ्यायचा नाही. निर्णय दिल्यावर हसायचं नाही. आमच्या मुलींना समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून हसायची सवय असते, आणि मैदानात ते हसू माफी मागितल्यासारखं दिसतं. ही सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. एक मुलगी तर बाद देताना "सॉरी दादा" म्हणायची. आता म्हणत नाही.

आणि आयोजकांशी मी हुज्जत घालते. मुलींना अंतिम सामना द्या असं मी कधीच म्हणत नाही. पहिल्या फेरीचे द्या. संध्याकाळी सातचे, जेव्हा गाव अजून जेवतंय आणि कर्णाही धड लागलेला नसतो. पुरुषांचेच द्या, महिला गटाचे तर मिळतातच. दोन हंगाम असे सामने काढू द्या, मग अंतिम सामन्याला पंच नेमताना तुम्हाला बाई की पुरुष हा विचार करावा लागणार नाही, कोण चांगलं काढतं ते दिसलेलं असेल.

परवा एका मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. नेहमीप्रमाणे म्हणाले, "मॅडम, टेबलाला दोघीजणी पाठवा." मी म्हटलं, "टेबलाला तुमच्या गावातली मुलं शिकवून तयार करते. मला दोघींसाठी पहिल्या फेरीचे सामने हवेत." ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पुरुष गटाचे?" मी म्हटलं, "हो." पलीकडून कुणाशी तरी बोलल्याचा आवाज आला, आणि मग, "बरं, पहिले तीन सामने देतो. बघू."

मी दोघींना लगेच फोन लावला. पांढरे बूट धुऊन ठेवा, आणि नारळ फुटायच्या तासभर आधी मैदानावर या. येताना मोजपट्टी आणा. रेषा त्यांनी आखलेल्या असतील, पण ३.७५ आपण स्वतः मोजून घ्यायचे.